पाचव्या प्रकरणातला बाप

४ जानेवारी

भिवंडीकर वाचकांनो, आपल्या सगळ्यांचा मिळून एक अपमान आहे आणि तो आपण रोज गिळतो. काल ठाण्यात व्याख्यानानंतर चहा पिताना एका गृहस्थांनी मला विचारलं, "भिवंडीहून येता? तिथे पॉवरलूम, गोडाऊन आणि ट्रॅफिक. तिथे वाचतं कोण?" मी म्हटलं, "कशेळीच्या पुलावर गाडी अडकल्यावर माणूस दुसरं काय करणार?" बाकीचे हसले. ते हसले नाहीत. मला मात्र रस्ताभर ते वाक्य खुपत राहिलं.

डायरी खाजगी असते आणि समोर कोणी बसलेलं नसतं, हे मला कळतं. पण शाळेपासून व्यासपीठावर बोलत आलेय. 'वाचकांनो' म्हटल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. माझा धाकटा भाऊ नागसेन म्हणाला, "ताई, डायरी लिही, म्हणजे घरातली भाषणं कमी होतील." म्हणून हा उद्योग.

तर बातमी ही. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेची तारीख लागली, ७ मार्च. विषय, आधुनिक अरबी कादंबरीची मानसशास्त्रीय समीक्षा. परीक्षा खुली असते. कोणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावेत. बाहेरच्या परीक्षक डॉ. वर्तक आहेत. ज्यांची पुस्तकं वाचून मी ही समीक्षा शिकले, त्याच. कॉलेजात मी कंत्राटावर शिकवते आणि प्राचार्यांनी साफ सांगितलंय की यंदा पदवी हातात नसेल तर जूनपासून वर्ग मिळणार नाहीत.

आबांना सांगायला गेले. ते टीव्हीसमोर होते, आवाज चाळभर. मी मागून म्हटलं, "आबा, तारीख आली." त्यांनी मान वळवली नाही. पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मग वळून म्हणाले, "जेवलो मी."

माझ्या बापाला माझ्या कुठल्याही गोष्टीचं कौतुक नाही. हे आजचं नाही.

१२ जानेवारी

मोमीन मॅडमकडे गेले. शमीम मोमीन, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. अरबी मी त्यांच्याकडून शिकले, त्यांच्याच गच्चीत, वाळवणाच्या चादरींमधून वाट काढत. लोक मला विचारतात, बौद्धवाड्यातली द्रौपदी अरबी कशाला शिकते? मी विचारते, का नाही? आपल्याला एका भाषेपासून शतकानुशतकं लांब ठेवलं, म्हणून मी जगातली कुठलीही भाषा परकी मानत नाही.

आज पाचवं प्रकरण पुन्हा वाचलं. ते सबंध प्रकरण एका कादंबरीवर आहे, मी तिला यूनुसची कादंबरी म्हणते. नाईलच्या मुखाजवळचं कापड विणणारं गाव. यूनुस आपलं बालपण सांगतो. बाप मागावर कामाला. घरात सदैव ओरडतो. एकदा यूनुसला जिन्यातून हाक मारतो, पोरगा 'आलो' म्हणतो, आणि वर पोचल्यावर बाप 'उत्तर का देत नाहीस' म्हणून थोबाडीत मारतो. यूनुस मोठेपणी राजधानीत रेडिओवर निवेदक होतो. शेवटच्या पानावर तो सुट्टीत घरी येतो, तर बाप रेडिओ मुठीत आवळून बसलेला, डोळे मिटून.

समीक्षकांनी या बापाची सालं काढली आहेत. वर्तकबाईंचा लेख तर प्रसिद्ध आहे: रेडिओ म्हणजे मुलाचा गळा, आणि बाप तो दाबतो आहे. मीही प्रबंधात तेच मांडलंय, जास्त पुराव्यांनिशी, आणि सांगायला हरकत नाही, जास्त धारेने.

मॅडम म्हणाल्या, "बहुत ग़ुस्से में लिखा है, बेटा."

"राग यायलाच हवा असा बाप आहे तो."

"हम्म," म्हणाल्या आणि बोरं पुढे सरकवली.

२६ जानेवारी

राहनाळला भाषण. नागसेनच्या गोडाऊनमधली पोरं, गावची मंडळी, बायका पुढे. मी पाऊण तास बोलले, संविधानावर आणि वाचनावर. एका म्हाताऱ्याने उठून हात जोडले.

आबाही आले होते. दरवेळी येतात, हे मान्य. आणि दरवेळी तसंच. खुर्ची ओढून स्पीकरच्या खोक्याला चिकटून बसतात, त्यावर हात टाकून, जसं काही ओट्यावर गप्पा मारायला टेकलेत. टाळ्या पडल्या की आधी इकडेतिकडे बघतात, लोक वाजवताहेत अशी खात्री झाली की मग वाजवतात. पोटच्या पोरीसाठी टाळी वाजवायलाही यांना लोकांची परवानगी लागते.

परतताना नागसेनच्या बायकोला, नेत्रावहिनीला, म्हटलं तर ती म्हणाली, "ताई, तुम्ही आबांशी बोलताना त्यांच्या समोर जात जा ना."

"समोर जाऊन तरी काय? ऐकायचंच नसतं त्यांना."

वहिनीने विषय बदलला. तिला वाद आवडत नाहीत.

३ फेब्रुवारी

रामनाथ सरांकडे, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांकडे, परीक्षेची तालीम. सर खूश. "द्रौपदीबाई, एकच विनंती. आवाज. खोली लहान आहे."

"सर, माझा आवाज असाच आहे."

"असाच म्हणजे? जन्मतः?"

आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात, असं सांगितलं. सर म्हणाले, हे तुमच्यावरच्या प्रबंधात कोणीतरी घेईल. दोघंही हसलो.

११ फेब्रुवारी

आज धामणकर नाक्याला विठूच्या कारखान्यात गेले होते. विठू माझा शाळूसोबती, आता स्वतःचे लूम चालवतो, आमच्या वाचक मंडळाचा खजिनदारही आहे. मंडळाच्या बैठकीचं सांगायचं होतं. आत लूमचा खडखडाट, स्वतःचं बोलणंही ऐकू येईना. मी सांगितलं, त्याने मान हलवली. माझ्या लक्षात आलं की तो माझ्या डोळ्यांकडे बघतच नाहीये. तो माझं तोंड बघतोय. टक लावून, जवळजवळ रागाने.

बाहेर रिक्षा स्टँडपाशी आलो तरी तो तसाच ओरडत होता. शेअर रिक्षावाले वळून बघायला लागले.

"अरे, हळू. भांडतोयस असं वाटतंय."

"कोण भांडतंय, मास्तरीण? मी सरळ बोलतोय."

"हे सरळ?"

"बायको पण हेच बोलते. तिला मी बोललो, लग्न लूमवाल्याशी केलंस, बासरीवाल्याशी न्हाय."

मी हसले, रिक्षात बसले. आणि रिक्षा सुटल्यावर एकदम आठवलं. त्याची नजर मी वाचली होती. शब्दशः वाचली होती, अरबीत, यूनुसच्या कादंबरीत. 'बाप माझ्या ओठांकडे असा बघे, जणू शब्द बाहेर पडताच त्याला चावून तोडायचे आहेत.'

१२ फेब्रुवारी

कॉलेजात रजा टाकली. सकाळपासून कादंबरी घेऊन बसलेय.

वाचकांनो, यूनुसचा बाप बहिरा आहे. मागांच्या खडखडाटाने त्याचे कान गेलेत.

जिन्यातला प्रसंग घ्या. पोरगा 'आलो' म्हणाला होता. बापाला ते पोचलंच नाही. आई नवऱ्याला कधीही हाक मारत नाही, आधी दंडाला हात लावते, मग बोलते. समीक्षक म्हणतात, पुरुषसत्तेने तिचा आवाज काढून घेतला. ती शहाणी बाई आहे, हाक मारून उपयोग नाही हे तिला ठाऊक आहे. ईदच्या नमाजात बाप इतरांपेक्षा क्षणभर उशिरा वाकतो. यावर कोणीतरी दहा पानं लिहिलीत, त्याच्या मनाच्या तळाशी दडलेल्या अश्रद्धेवर. अहो, तो शेजाऱ्याकडे बघून वाकतोय. यूनुसच्या बहिणीच्या सोयरिकीची गुपित गोष्ट बाप आपण कुजबुजतोय असं समजून सांगतो आणि ती सबंध गल्लीला ऐकू जाते. म्हणे, घरच्यांना उघडं पाडण्याची विकृती. त्याला स्वतःचाच आवाज कळत नाही.

आणि रेडिओ. मुठीत आवळलेला. डोळे मिटून. तो गळा दाबत नाहीये. पोराचा आवाज कानाने येत नाही, म्हणून तो त्याची थरथर हाताने घेतोय.

हे मला दिसलं. ठाण्यात दिसलं नाही, पुण्यात दिसलं नाही, ज्या मोठ्या विद्यापीठांत या कादंबरीवर परिषदा झाल्या तिथे दिसलं नाही. भिवंडीत दिसलं. वाचतं कोण म्हणे.

संध्याकाळी कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. घरात फक्त आबा होते, खिडकीत बसून बाहेर बघत. मी स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता सगळं सांगितलं, जिना, नमाज, रेडिओ. सांगून बाहेर आले, तर तसेच खिडकीबाहेर बघताहेत. आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध मी बापाला सांगितला आणि त्याने 'हं' सुद्धा केलं नाही. भाकरी पुढ्यात आदळली. मग म्हणाले, "मीठ कमी हाय."

१५ फेब्रुवारी

रामनाथ सर ऐकता ऐकता उठून उभे राहिले, दोन फेऱ्या मारल्या, आणि मग जे बोलले त्याची मला अपेक्षा नव्हती.

"सुंदर आहे. हे परीक्षेत काढू नका."

"का?"

"कारण प्रबंध सादर झालाय. त्यात तुम्ही उलटं लिहिलंय. परीक्षकांसमोर उभं राहून स्वतःचंच पाचवं प्रकरण चुकीचं म्हणायचं? आणि परीक्षक कोण, तर ज्यांनी तो रेडिओ गळा म्हणून गाजवला त्या. दुरुस्त्या सुचवून परत पाठवतील. वर्ष जाईल. जूनचं काय?"

"आणि खरं काय त्याचं काय?"

"पदवी घ्या. मग लेख लिहा. कोणी अडवलंय?"

सर माझं वाईट चिंतणारे नाहीत. जे सांगितलं ते व्यवहाराचं आहे. पण जूनपर्यंत खोटं शिकवायचं आणि जुलैपासून खरं, हे मला जमायचं नाही. मी बोलणार. तसं सरांना सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी

भीती वाटते. लिहून ठेवते म्हणजे उतरेल. वर्ग गेले तर काय? व्यासपीठावर मला कधी भीती वाटत नाही. तिथे हरलं तर फक्त टाळ्या कमी पडतात.

२३ फेब्रुवारी

मोमीन मॅडमसमोर तालीम केली. त्यांना सांगितलं, तुम्ही वर्तकबाई व्हा. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि मला फाडून काढलं.

"लेखकाने कुठे लिहिलंय, बहिरा है करके? एक बार भी?"

"नाही."

"मग तुम्ही कौन होती हो लिहिणाऱ्या? सारी किताब में बेटा बोल रहा है. बेट्याने बापाला बहिरा म्हटलं?"

इथे मी अडकले. गच्चीतल्या चादरी बघत बसले. आणि मग उत्तर आलं, इतकं सोपं की आधी का नाही आलं कळेना. "यूनुसला माहीतच नव्हतं, मॅडम. तो शेवटपर्यंत त्याला जुलूमच समजतो. म्हणून लिहिलेलं नाही. लेखकाला ठाऊक आहे, सांगणाऱ्याला नाही."

मॅडमनी चष्मा काढला.

"हाँ," म्हणाल्या. "घर में सबको पता था. सिर्फ़ उसी को नहीं, जो सबसे ज़्यादा बोलता था."

"अगदी. हेच वाक्य वापरते मी," मी म्हणाले. मॅडमनी चहा ओतला. त्यांनाही पटलं म्हणजे मैदान मारलंच.

७ मार्च

संध्याकाळ. सगळं क्रमाने लिहिते.

नागसेनने गोडाऊनचा टेम्पो आणला होता. वाचक मंडळ, विठू, मोमीन मॅडम पुढच्या सीटवर, वहिनी, आणि आबा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्या छोट्या खोलीत आम्ही मावेना. शिपाई म्हणाला, "एवढे लोक? लग्न आहे का?" विठू म्हणाला, "हो, नवरी आत हाय, पेपर घेऊन." आबांनी पहिल्या रांगेत, थेट माझ्या समोरची खुर्ची धरली.

वर्तकबाई बारीक, पांढऱ्या केसांच्या, अतिशय मृदू आवाजाच्या. चार प्रकरणं सरळ गेली. मग त्यांनी पाचवं उघडलं आणि म्हणाल्या, "हे आवडलं मला. माझ्या लेखाच्या पुढे गेलायत तुम्ही. थोडक्यात मांडा."

रामनाथ सर टेबलाकडे बघत होते.

मी म्हटलं, "बाई, हे प्रकरण चुकलंय. तुमचा लेखही चुकलाय." आणि मांडलं. जिना, दंडावरचा हात, नमाज, गल्लीभर ऐकू गेलेलं गुपित, रेडिओ. आवाज लहान ठेवायचं ठरवलं होतं, ते राहिलं नाही.

वर्तकबाईंनी विचारलं, "म्हणजे मानसशास्त्रीय समीक्षा निकालात काढायची?"

"मुळीच नाही. यूनुसची जखम खरी आहे. आपल्याला कोणी ऐकत नाही असं वाटत वाढलेलं पोर आहे ते, आणि म्हणूनच तो रेडिओवर जातो. तिथवर ही पद्धत बरोबर पोचली. पण जखम दिसली की आपण घरातल्या घरात गुन्हेगार शोधतो. बापाच्या मनात शिरण्याआधी बापाच्या अंगाला विचारायला हवं होतं, तू दिवसभर कुठे असतोस? तो जुलूम कारखान्यातून आला, बापाच्या कानातून घरात शिरला, आणि पोराच्या गालावर उमटला. आपण फक्त गाल तपासला."

"लेखकाने तर बहिरेपणाचा शब्दही लिहिलेला नाही."

यूनुसला माहीत नव्हतं, हे उत्तर दिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "इतक्या लोकांनी हे पुस्तक वाचलं. मी वर्षानुवर्षं शिकवलं. तुम्हाला इतकी खात्री कशी?"

हे उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. आपोआप बोलत गेले. "बाई, मी लूमच्या गावातली आहे. माझ्या वडिलांनी सगळी हयात लूमवर काढली. मी लहान असताना मागून उत्तर द्यायचे तर ते रागवायचे की उत्तर का देत नाहीस. मी बोलताना ते माझ्या तोंडाकडे बघतात. टाळ्या वाजवताना ते आधी शेजाऱ्याकडे…"

आणि मी थांबले.

व्यासपीठावर मी कधी थांबलेली नाही. आबा समोर बसले होते. माझ्या ओठांकडे बघत होते, टक लावून, एक शब्द सुटू नये म्हणून. मी बोलायची थांबले, तसे त्यांनी भुवया उंचावल्या, काय झालं अशा.

नागसेनने पाण्याचा ग्लास पुढे केला. सगळं प्याले. वर्तकबाईंनी घाई केली नाही.

मग मी पुढे बोलले, सावकाश, तोंड पूर्ण उघडून, आबांकडे बघून. परीक्षकांकडे पाठ झाली असेल, मला पर्वा नव्हती. "तर खात्री अशी. मी हे प्रकरण चुकीचं लिहिलं, कारण मीही यूनुससारखीच वाचत होते."

आम्हाला बाहेर काढून समितीने चर्चा केली. व्हरांड्यात आबांनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारलं, "झाली का पास?" नागसेनने त्यांच्या समोर जाऊन हाताने सांगितलं, थांबा.

पुन्हा आत बोलावलं. वर्तकबाई उभ्या राहून म्हणाल्या, "पदवी द्यावी अशी आमची एकमुखी शिफारस आहे. आज जे बोललात ते परिशिष्ट म्हणून जोडा. एकही ओळ मवाळ करू नका. आणि तो रेडिओ मी इतकी वर्षं गळा म्हणून शिकवला, पुढच्या वर्षी तुम्ही येऊन माझ्या विद्यार्थ्यांना नीट शिकवा."

रामनाथ सरांनी डोळे पुसले आणि मग चष्मा पुसत होतो असं दाखवलं. विठूने शिट्टी मारली. मंडळाने टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली.

आबांनी शेजाऱ्याकडे पाहिलं नाही. मी अजून नीट उभीही राहिले नव्हते, माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं, आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. मोठ्ठी, एकट्याची.

टेम्पोत मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "आबा, तुम्हाला माझी भाषणं ऐकू यायची?"

त्यांनी ओठ वाचले. "थोडा थोडा. आवाज भारी हाय तुजा. बाकी लोकांचा तर कायच येत न्हाय."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तू इचारलास कधी? तू बोलत हुतीस."

मोमीन मॅडम पुढच्या सीटवर इतक्या हसल्या की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. मीही हसले. खरंच हसले.

९ मार्च

आबांचे कान तपासले. उजवा जवळजवळ गेलेला, डाव्यात बरंच शिल्लक. कानाला यंत्र लागेल. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, इतका उशीर का केलात? वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचं मोठेपण.

त्या मुलीला मी तिथेच लूमवाल्यांच्या कानांवर भाषण दिलं. ती म्हणाली, मॅडम, मी तपासणीचं यंत्र घेऊन तुमच्याकडेच येते, फक्त आता थांबा. वाचक मंडळाने खोली दिली. उद्या छापायला द्यायचं पत्रक इथेच लिहून टाकते.

भिवंडीकर वाचकांनो, आपल्याकडे वाचतं कोण, याचं उत्तर मी परवा विद्यापीठात देऊन आलेय. आता माझं एक काम करा. तुमच्या घरात लूमवर राबलेला एक तरी माणूस आहे. बाप, काका, भाऊ, नवरा. तो ओरडतो, हाकेला ओ देत नाही, टीव्ही मोठा लावतो, आणि तुम्ही त्याला तापट म्हणता, हट्टी म्हणता. येत्या रविवारी सकाळी धामणकर नाक्यावर वाचक मंडळाच्या खोलीत कान तपासणार आहेत. त्याला मागून हाक मारू नका. समोर जा, त्याचा हात धरा, आणि घेऊन या.